चौथी प्लेट

पडद्यावर ती पट्टी वाकली, आणि उलटी वाकली. जोशुआमामाचा चहाचा कप ओठापाशीच थांबला. दोन्ही टोकं हळूहळू खाली गेली, पाठ वर आली, झोपेतून उठलेलं मांजर अंग ताणतं तशी. रंग चढले होते तिच्यावर, टोकांना निळा, पाठीवर लाल, मधे गवताचा हिरवा. आणि खरी पट्टी समोरच्या टेबलावर पडून होती. विमानाच्या दारामागे बसणारी, हातभर लांबीची, शाळेच्या पाटीपेक्षा पातळ भिंतींची. ती त्याने स्वतः प्लेटीतून कापलेली, परवा, साडेतीन तास मशीनपाशी उभं राहून. तिची टोकं वर होती. होडीसारखी. "बघा," मच्छिंद्रशेठ म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणतो खाली, प्लेट म्हणती वर. आता ह्यात कुणाचं ऐकायचं, मॅडम?" ज्ञानेश्वरी मॅडम भरलेले आकडे पुन्हा वरपासून बघू लागली. पारनेरकडची सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर. आठ दिवस ती ह्या काचेच्या केबिनमधून हलली नव्हती; डबासुद्धा की-बोर्ड बाजूला सारून तिथेच खायची. धातू कापायच्या आधीच तो कापल्यावर कसा वागेल हे पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर शेठनी दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं, कारण विमानाचं काम देणाऱ्या बंगळूरच्या कंपनीने तशी अट घातली होती. तेव्हापासून त्याची चित्रं फाईलीला लागत होती. रंगीत, सुबक. खाली मशीनवर ती कुणी पाहिली नव्हती. "परदेशातून पाच प्लेटा आल्या," शेठ बोटांवर मोजत म्हणाले, "तीन गेल्या भंगारात. दोन उरल्या. तीन वाजता बंगळूरच्या मॅडमचा फोन हाय. मी सांगून टाकतो की हे चित्रांचं खातं आमी बंद करतो. उरलेल्या दोन आमचे जोशुआमामा त्यांच्या हाताने काढतील. तीस वर्षं ह्या माणसाचा हात चुकला न्हाई. तुमी वाईट वाटून घेऊ नका, तुमाला फायलिंगला घेतो." मॅडमने पडद्याकडेच बघत म्हटलं, "सर, मी सगळं बरोबर भरलंय. धातू, हत्यार, वेग, सहा क्लॅम्प. प्लेट फिक्श्चरवर सपाट बसलीय, खाली काहीच नाही." जोशुआमामाने कप टेबलावर ठेवला.

खाली काहीच नाही. शेडमधून आपल्या मशीनकडे जाताना ते तीन शब्द त्याच्या बरोबरीने चालत होते. नागापूरच्या एमआयडीसीतली ही शेड त्याने पायाखाली घालून गुळगुळीत केली होती. एके काळी इथे साखर कारखान्याच्या पंपांचे पार्ट व्हायचे, तेलकट, जड, हातभर चूक पोटात घेणारे. मग मोटारींचे झाले. आता विमानाचे होतात, आणि फरशीवर पिवळ्या रेषा आल्या, भिंतीला घड्याळं आली, सगळ्यांच्या हातात निळे मोजे आले. शहराचं नाव पाट्यांवर बदललं, बसवर बदललं, लोकांच्या तोंडात नगरच राहिलं. शेडचंही तसंच होतं. वर विमान, खाली तेच जुनं फिक्श्चर, म्हणजे कापायचा तुकडा, जॉब, ज्यावर क्लॅम्पच्या पकडींनी आवळून धरतात तो लोखंडी पाट. वर्षानुवर्षं आवळून आवळून त्याच्या मधोमध एक खळगा पडला होता. डोळ्याला दिसत नसे. जोशुआमामाच्या बोटाला दिसे. आणि त्या खळग्यात, प्लेट ठेवायच्या आधी, गेली तीस वर्षं तो कॅलेंडरचं एक पान दुमडून ठेवत आला होता. हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं. कुठल्याच कागदावर नव्हतं. पोरं बघायची आणि म्हणायची, मामाचा मंत्र हाय तो, विचारू नका. तोही हसायचा.

मंत्र कसा सुरू झाला हे फक्त त्याला ठाऊक होतं. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, नेवाशाकडून आलेला, अंगाने दणकट आणि अक्षराने कोरा. कारखान्यात नोकरी लागताना विचारलं होतं, कितवी? तो म्हणाला होता, चौथी. चौथीची खोली त्याने बाहेरून पाहिली होती. गुरं वळून आणताना तिच्या खिडकीतून पाढे ऐकू यायचे, ते पाठ झाले होते. आकडे बोलता येत होते, वाचता येत नव्हते. ड्रॉइंग समोर आलं की तो ते हातात धरायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, तुला काय वाटतं रं ह्याच्याबद्दल? शेजारचा बोलायचा आणि हा लक्षात ठेवायचा. एकदा ऐकलेलं विसरत नसे. अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी फोरमन बिभीषणराव आला, त्याच्या मशीनवरचा जॉब हलवून बघितला, आणि म्हणाला, "खाली पोकळ हाय. फीलरची सोळाची पट्टी घाल." फीलर म्हणजे पातळ पोलादी पट्ट्यांची जुडी, पंख्यासारखी उघडणारी, प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली. जोशुआने जुडी उघडली. वीस पट्ट्या. वीसही सारख्या चमकत होत्या, प्रत्येकीवर मुंगीएवढे आकडे, आणि त्यातली सोळा कोणती हे मुंग्यांना माहीत. बिभीषणराव कंबरेवर हात ठेवून उभा. तेव्हाच्या घामाचा वास अजून त्याला आठवतो, तेल आणि भीती मिसळलेला. खिशात तंबाखूची पुडी होती, चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या पानात बांधलेली. त्याने पुडी सोडली, पान झटकलं, दुमडलं, बोटात दाबून पाहिलं आणि सरकवलं जॉबखाली. आवळलं. कापलं. जॉब असा उतरला की बिभीषणरावने वाकडेपणा मोजायचा डायल लावून दोनदा बघितलं. "आरं, तुझ्या हातात काय हाय रं?" तो म्हणाला. आणि सगळ्या शेडला हाक मारून त्याने सांगितलं, की ह्याला फीलर लागत न्हाई, ह्याच्या बोटात फीलर हाय. त्या दिवशी जोशुआला खरं बोलता आलं असतं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण चारपाच जणांनी पाठीवर थापा मारल्या, आणि थापांच्या आवाजात ते राहून गेलं, ते आजतागायत.

अक्षर त्यानंतर चार वर्षांनी आलं, हन्नामुळे. हन्ना बालवाडीची बाई. लग्नाला दहा वर्षं झाली तरी नवऱ्याला वाचता येत नाही हे तिला कळलं नव्हतं, असं तो समजत होता. रविवारी चर्चमध्ये तो गीतांचं पुस्तक बरोबर धरायचा. गाणी तोंडपाठ होती, लहानपणापासून आईच्या मागे उभं राहून ऐकलेली, आणि त्याचा आवाजही खणखणीत. फक्त पान उलटायला तो सगळ्यांच्या मागे असायचा. एका श्वासाइतका मागे. शेजाऱ्याचं पान हललं की मग त्याचं. एका रविवारी घरी येताना हन्ना म्हणाली, "आज तिसऱ्या गाण्याला तुम्ही पान उलटलंच नाही." तो म्हणाला, ध्यान नव्हतं. ती म्हणाली, "शेजारी कुणी नव्हतं आज." एवढंच. रात्रीची भांडी झाल्यावर ज्वारीच्या कोठीच्या पत्र्यावर तिने खडूने एक मोठा 'ज' काढला आणि स्वयंपाकाला लागली, जणू तो स्वतःसाठीच काढला होता. छत्तिसाव्या वर्षी, त्या पत्र्यावर, तो शिकला. सहा महिन्यांनी फीलरच्या पट्टीवरची सोळा त्याला दिसली. वाचता आली. तरी त्याने पान दुमडूनच घातलं, कारण तोवर कागद हाच जोशुआ झाला होता, आणि फीलर हातात घेतली असती तर लोकांनी विचारलं असतं, आज हे काय नवीन?

साडेअकराच्या चहाला त्याने मोजे काढले. मोजे काढून मशीनपाशी उभं राहायचं नाही असा नियम होता म्हणून तो लॉकरकडे गेला. लॉकरच्या वरच्या फळीवर पानांची थप्पी होती, हन्नाला न सांगता दर जानेवारीत घरून आणलेली. जुनी पानं गेल्या महिन्यात संपली. आता होती ती गेल्या सालच्या कॅलेंडरची. त्याने एक पान उघड्या अंगठ्याखाली धरलं आणि घासलं. पान सरकलं. गुळगुळीत होतं. त्याच्या अंगठ्याला ते जाड लागलं, मोसंबीच्या सालीसारखं. नव्या पाळकसाहेबांनी कॅलेंडर रंगीत काढलं होतं, बारा महिन्यांचे बारा फोटो. छान आहे म्हणणाऱ्यांत तोही होता. मोजे घातलेल्या बोटांनी त्याने ह्या पानाची घडी घातली होती, तीन वेळा, तीन प्लेटांखाली. जुन्या पानांचा कागद कसा होता, मऊ, हाताला धरून राहणारा. म्हणजे प्लेटीची टोकं वर गेली ती कॉम्प्युटरमुळे नव्हे; जाड घडीने तिचं पोट उचललं, तशीच ती आवळली गेली, आणि सुटल्यावर टोकं उठली. पोरीने भरलं ते तिला सांगितलेलं सगळं बरोबर होतं. खालचा कागद तिला सांगितलाच नव्हता. तो तिथे किती वेळ उभा राहिला कोण जाणे, चहा गार झाला आणि शेजारच्या मशीनवरचा सहादेव येऊन म्हणाला, "काय मामा, आज कॅलेंडर वाचताय? उपवास कधी हाय ते बघा." मामा म्हणाला, "आमच्यात उपवास वेगळा असतो, बाबा." आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात दुसरा विचार आला, स्वच्छ, गुन्हेगारासारखा शांत. जुनं एक पान मिळालं तर? एकच पान. चौथी प्लेट जुन्या पानावर घातली की ती सरळ उतरणार. शेठ म्हणणार, बघा, हात. पोरगी फायलिंगला जाणार. कुणालाच काही कळणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने स्कूटर काढली आणि घरी गेला. सावेडीच्या आतल्या गल्लीत घर, दारात जास्वंद. हन्ना वाटाणे सोलत बसली होती. "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली. "बरं हाय. जुनं कॅलेंडर शिल्लक हाय का गं एखादं? रंगीत न्हाई, आधीचं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "दर जानेवारीला कॅलेंडर घरातून जातं. मी समजत होते भाकरी गुंडाळायला नेता. तीस वर्षं कोण कॅलेंडरमध्ये भाकरी गुंडाळतं?" त्याने स्कूटरची किल्ली खिशात टाकली. "पिठाच्या डब्याखाली एक पान आहे," ती म्हणाली, "डिसेंबर. डबा हलतो म्हणून घातलंय." त्याने डबा उचलला, पान काढलं, झटकलं. पीठ उडालं. कागद अंगठ्याखाली धरला आणि त्याला आपलं माणूस गर्दीत दिसावं तसं झालं. "डब्याखाली दुसरं काही घाल," तो म्हणाला. "घालते. पण सांगा तरी, ह्याचं काय करणार?" तो म्हणाला, "अजून ठरलं न्हाई." हन्ना पुन्हा वाटाण्यांकडे वळली. "ठरवून या मग," ती म्हणाली. "न ठरवता तुम्ही घरी आलात की दोन दिवस कुणाशी बोलत नाही." परत येताना सिग्नलला तो थांबला होता तेव्हा उसाचा ट्रॅक्टर शेजारी आला आणि त्यातल्या कांड्या त्याच्या खांद्याला लागल्या, आणि त्याला उगाच बिभीषणराव आठवला. बिभीषणराव गेला त्याला अकरा वर्षं झाली. मरायच्या आधी दवाखान्यात तो भेटायला आलेल्या पोरांना सांगत होता, ह्याच्या बोटात फीलर हाय. तेव्हाही जोशुआ पलंगापाशी उभा होता, आणि तेव्हाही गप्प होता. म्हाताऱ्याला आता काय सांगायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. आता तो स्वतःच म्हातारा होता. स्वतःला सांगायला उरलेली सबब कोणती, हे तो हिरवा दिवा लागेपर्यंत शोधत राहिला. मागून हॉर्न वाजले.

केबिनमध्ये ज्ञानेश्वरी मॅडम आपल्या वस्तू खोक्यात भरत नव्हती, रडतही नव्हती. पडद्यासमोर बसून क्लॅम्पचा जोर कमीजास्त करून बघत होती, सत्तेचाळिसाव्यांदा की काय. पट्टी दर वेळी टोकं खालीच टाकत होती. मामाने दोन पानं तिच्या की-बोर्डवर ठेवली. एक पिठाचं, एक गुळगुळीत. "हे खाली असतं," तो म्हणाला.

"कशाच्या खाली?"

"प्लेटीच्या. मधोमध. दुमडून. तीस वर्षं हे घालायचो," पिठाच्या पानावर बोट, "आणि तीन प्लेटांपासून हे. कागद बदलला ते मला कळलं न्हाई. मोज्यातून कळलं न्हाई."

तिने दोन्ही पानं उलटून पाहिली. मग खुर्ची मागे सरकली. "मामा! आठ दिवस! आठ दिवस मी तुम्हाला विचारतेय, सेटिंगमध्ये काही वेगळं करता का. तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, देवाचं नाव घेतो."

"ते बी घेतो."

"देवाचं नाव मला त्यात भरता येत नाही हो! कागद भरता येतो!" तिचा आवाज काचेबाहेर गेला, सहादेवने मशीनवरून मान वळवली. मग ती एकदम हसली, रागात हसतात तसं, आणि ड्रॉवरमधून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला. पिठाचं पान पुसलं, दुमडलं, जबड्यात धरलं. "मिलिमीटरचे शंभर भाग केले तर सोळा," ती म्हणाली. सोळा. मामाच्या अंगावर काटा आला. बत्तिसाव्या वर्षी, मुंग्यांपुढे उभं राहून, अंधारात हात घालून त्याने जे काढलं होतं ते सोळाच होतं. गुळगुळीत पान दुमडून धरलं. "चोवीस. दीडपट. आणि खालचा खळगा किती?" "बारा. एखादा इकडंतिकडं." "कशावरून?" त्याने तर्जनी वर केली. ती बघत राहिली त्या बोटाकडे, आणि मग बाराच भरले. पडद्यावर आकडे धावले. पट्टी आधी सरळ दिसली, मग क्लॅम्प सुटले, आणि तिची टोकं सावकाश वर उठू लागली. टेबलावरच्या खऱ्या पट्टीसारखी. ज्ञानेश्वरीने दोन्हींच्या कडांवरचे आकडे ताडून पाहिले. केसाएवढा फरक होता. तिने तोंडावर हात ठेवला. मामाला वाटलं, आपण इतकी वर्षं हाताच्या आत जे बघत होतो ते आता बाहेर, काचेत, रंगात दिसतंय. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण तिच्याबरोबर दुसरंही काही आलं, अंगाला लागलेला घट्ट कपडा सैल झाल्यासारखं. ती हळू म्हणाली, "तुम्ही हे न सांगता चौथी प्लेट काढू शकला असता." "व्हय." "मग?" तो म्हणाला, "मग पाचवी कुणी काढली असती? आणि मी घरी बसल्यावर सहावी?"

तीनला पाच कमी असताना मच्छिंद्रशेठ फोन हातात घेऊन आले. मामा उठून उभा राहिला. "शेठ, फोन लावायच्या आधी एक ऐका. त्या तीन प्लेटा कॉम्प्युटरने घालवल्या न्हाईत. त्या मी खाल्ल्या." आणि त्याने सांगितलं. कागद सांगितला, कॅलेंडर सांगितलं, पाळकसाहेब सांगितले, आणि मग, थांबता आलं असतं तिथे न थांबता, फीलरची जुडी सांगितली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, असं तो म्हणाला. ते वाक्य शेडमध्ये त्याने पहिल्यांदाच म्हटलं. मान ताठ ठेवूनच म्हटलं. शेठ खुर्चीत बसले. पट्टी उचलून त्यांनी तिच्याखाली एक पान धरून पाहिलं. "म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "आमचं विमान तुमच्या चर्चच्या कॅलेंडरवर उडत हुतं?"

"पार्टच उडत हुता, शेठ. विमान त्यांचं."

"आणि डिसेंबर संपला असता तर?" शेठना हसू आवरेना, मग एकदम आवरलं. तीन प्लेटा त्यांच्या डोळ्यांत परत आल्या. ते ज्ञानेश्वरीकडे वळले. "आणि तुमी? तुमच्या चित्राला हे आधी का न्हाई कळलं?" तिने आता आवाज चढवला नाही. "सर, आपण हे सॉफ्टवेअर फाईलीला चित्रं लावायला घेतलं. कापायच्या आधी ह्याला कधी विचारलं नाही, आणि ह्या आठ दिवसांत विचारलं तेव्हा खालची गोष्ट सांगितली नाही. ह्याला मामांचा हात माहीत नव्हता. आता माहीत आहे. आज मी वीस वेळा चुकू शकते आणि एकही प्लेट जाणार नाही. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या." फोन वाजला. शेठनी तो उचलला, खिडकीकडे तोंड करून बोलले. "हो मॅडम... नाही, बंद नाही... कारण सापडलं. आमच्याच शेडमध्ये होतं... लिहून पाठवतो, सगळं. लपवत नाही... चौथी उद्या." फोन ठेवून ते म्हणाले, "उद्या वाकली तर बंगळूरचं काम गेलं. सरळ मला सांगितलंय. मग चित्रं बी गेली आणि कॅलेंडर बी." ते निघून गेले, आणि दारातून परत आले. "मामा, वाचायला कधी शिकलात मग?" "छत्तिसाव्या वर्षी." शेठ मान हलवून गेले.

संध्याकाळपर्यंत तो तिच्या शेजारी खुर्चीत बसून राहिला. कामावर असताना खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ. तो सांगायचा, "मधला क्लॅम्प ढिला कर," ती करायची, पट्टी वाकायची. "पालथी घालून आधी मागची बाजू काढ," पट्टी वाकायची, कमी. तीस-बत्तीस वर्षांत कधीमधी मनात येऊन गेलेल्या गोष्टी, ज्या करून बघायला कुणी प्लेट दिली नसती, त्या त्याने एकेक करून बाहेर काढल्या. त्याचे काही अंदाज साफ फसले. चार कागद चार कोपऱ्यांत ही त्याची जुनी, जपून ठेवलेली युक्ती होती. पडद्यावर पट्टीने जिलबी केली. "मामा, ही कुणाला सांगू नका," ज्ञानेश्वरी म्हणाली. पण एक लागला. कणीक मळून झाकून ठेवतात तसं, अर्धं कापून झाल्यावर सगळे क्लॅम्प सोडून प्लेटीला थोडा वेळ बसू द्यायचं, काय वाकायचं ते वाकू द्यायचं, आणि मग हलक्या हाताने धरून उरलेलं काढायचं. आणि खळग्यात कागदाऐवजी एक पोलादी पट्टी, सोळाचीसुद्धा नाही, चौदाची, मोजून घासलेली. पडद्यावरची पट्टी सुटली आणि जागची हलली नाही. सगळी हिरवी राहिली. घरी गेल्यावर त्याने हन्नाला पान परत दिलं. ती म्हणाली, "ठरलं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी प्लेट फिक्श्चरवर चढली. पोलादी पट्टी खळग्यात ठेवताना त्याचा हात क्षणभर खिशाकडे गेला, सवयीने. खिशात काही नव्हतं. दीड तास कापून झाल्यावर त्याने मशीन थांबवलं आणि सहाही क्लॅम्प सोडले. कामाच्या ऐन मधे धरलेला जॉब सोडून देताना बघून सहादेव म्हणाला, "मामा, झोप आली का?" मामा म्हणाला, "मला न्हाई, हिला." वीस मिनिटं शेडमध्ये ती प्लेट नुसती पडून राहिली. मग हलकं आवळलं. हत्यार गार ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याखाली पातळ भिंती एकेक करून उभ्या राहिल्या. तो आत बघत नव्हता, ऐकत होता. हत्यार गात असतं तेव्हा ठीक असतं. दाताखाली खडा आल्यासारखं झालं की जॉब हलतोय समजायचं. गात होतं. पण परवाही गातच होतं, हे त्याला आठवलं आणि तो मशीनच्या दाराजवळ सरकला. दुपारी मशीनचं दार सरकलं. शेठ, ज्ञानेश्वरी, सहादेव, सगळे संगमरवरासारख्या सपाट काळ्या दगडाभोवती जमले. ह्या दगडावर जॉब ठेवून बघतात. डायल लावायच्या आधी जुन्या माणसांची एक पद्धत असते: जॉब दगडावर ठेवायचा आणि कोपऱ्यावर बोट दाबायचं. वाकलेला जॉब बोलतो. टक. दुसरं टोक दाबलं की पुन्हा टक. परवाची होडी दाराबाहेर ऐकू जाईल अशी बोलली होती. मामाने मोजा काढला. मशीनपासून दहा पावलं लांब होता, नियम मोडत नव्हता. एका कोपऱ्यावर तर्जनी ठेवली आणि दाबली. काही नाही. दुसऱ्या. तिसऱ्या. शेठ पुढे झुकले. चौथ्या कोपऱ्यावर त्याने बोट जास्तच जोराने दाबलं, बोटाचं टोक पांढरं झालं, आणि पट्टी गप्प राहिली. मग ज्ञानेश्वरीने डायल फिरवला, काटा थरथरला आणि मर्यादेच्या पार आत राहिला, पण तोवर मामाला माहीत झालं होतं.

"पाचवी लावा," शेठ म्हणाले, आणि पुढे, जाता जाता, "आणि शाफ्टचं नवीन काम पुढल्या आठवड्यात येतंय, ते आधी मॅडमकडं न्या. कापायच्या आधी. मामा, तुमी बी बसा तिथं. ती खुर्ची तिथंच राहू द्या." ज्ञानेश्वरीने प्लॅस्टिकमध्ये घातलेला सेटिंगचा कागद मशीनच्या दारावरून काढून आणला. त्यात आता पोलादी पट्टी होती, क्लॅम्प सोडायची वेळ होती, सगळं छापलेलं. खाली एक चौकोन रिकामा होता, मशीनवर काम करणाऱ्याने हाताने भरायचा. तीस वर्षं तो चौकोन दुसऱ्याने भरला होता. मामा फक्त खाली सही करायचा, तीही अलीकडे. तिने पेन पुढे केलं. "इंग्रजीत?" त्याने विचारलं. "वाचणार कोण आहे? सहादेव. मराठीत लिहा." तो दगडावर वाकला. अक्षर मोठं येत होतं, कोठीच्या पत्र्यावर शिकलेलं, ज चा पाय जरा लांब. सहादेव त्याच्या खांद्यावरून बघत होता, आणि एकेक अक्षर उमटेल तसं मोठ्याने वाचत होता, मामाच्या पेनाच्या एका श्वासाइतका मागे: "इथे... खाली... कागद... घालू नये. जोशुआ."

"का न्हाई घालायचा, मामा?" तो म्हणाला.

"बस," मामाने पेनाचं टोपण लावलं. "सांगतो."